बांधावरचा विद्यार्थी

२०२० सालचा जून. कोरोनामुळे विद्यापीठाच्या एका उपकेंद्रात वर्गांना कुलूप होतं. व्याख्यानं रेकॉर्ड करण्याची साधनं घ्यायला दीड लाख रुपये मंजूर झाले होते. काय घ्यायचं हे ठरवण्याचं काम दोघांकडे आलं : अर्थशास्त्राचे सर आणि संख्याशास्त्राच्या बाई.

सर उत्साही माणूस. तीन दिवसांत त्यांची यादी तयार झाली. फोर-के कॅमेरा, दोन दिवे, पाठीमागे लावायचा हिरवा पडदा, वर्षाची वर्गणी भरून मिळणारं संकलनाचं सॉफ्टवेअर. "एकदाच घ्यायचं तर चांगलंच घेऊ," ते म्हणाले.

बाईंनी यादी केलीच नाही. हजेरीपत्रकातले दहा नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला. "व्हिडिओ कशावर बघणार? कुठे बसून? किती वाजता?"

उत्तरं वहीत उतरत गेली. घरात एकच फोन, तो दिवसभर भावाबरोबर शेतात, रात्री नऊनंतर हाती येतो. रेंज फक्त विहिरीपलीकडच्या बांधावर. रोजचा दीड जीबी डेटा, त्यातच धाकट्या बहिणीची शाळा. एक मुलगी म्हणाली, "चित्र थोडं धूसर असलं तरी चालेल बाई, पण आवाज घुमला की काहीच कळत नाही."

बाईंनी सरांना वही दाखवली. सर हसले. "नेट काय, आज ना उद्या सुधारेल. दर्जा मात्र पहिल्यापासून हवा." बाईंनी वाद घातला नाही. स्वतःपुरता सहाशे रुपयांचा कॉलरला लावायचा माईक तेवढा मागितला. उरलेली खरेदी सरांच्या यादीप्रमाणे झाली.

सरांनी मागणी-पुरवठ्यावर चाळीस मिनिटांचं व्याख्यान दिलं. हॉल मोठा आणि रिकामा, कॅमेरा शेवटच्या बाकाजवळ. पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली आणि संगणक बंद पडला. रेकॉर्डिंग एमपी-फोरमध्ये चालू होतं. या फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. शेवटच आला नाही, त्यामुळे फाइल उघडेना. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं व्याख्यान पुन्हा दिलं. या वेळी फाइल झाली साडेतेरा जीबीची. ती चढवायला दोन रात्री गेल्या.

बाईंनी घरातली मधली खोली निवडली. भिंतींचा घुमारा मोडावा म्हणून समोरच्या दोरीवर गोधड्या टाकल्या. जुन्या लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे फुकटात मिळणारं, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेवलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेली होती, वीज त्यांच्याकडेही जायचीच. पण एमकेव्हीत तोपर्यंतचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. नंतर त्याच सॉफ्टवेअरमधून ते एमपी-फोरमध्ये बदलून घेता येतं. गणित सोडवून दाखवायचं असेल तेव्हा दोन डब्यांवर पट्टी आडवी टाकून तिच्यावर फोन कॅमेरा खाली येईल असा ठेवायचा आणि खाली कागदावर ठळक पेनानं लिहीत जायचं. एका व्हिडिओत एकच मुद्दा, फार तर सहा मिनिटं, फाइल पंचवीस एमबीच्या आत.

"सहा मिनिटांत काय डोंबल शिकवणार?" सरांनी विचारलं.

"वर्गात पाऊण तास मुलं माझ्यासमोर असतात म्हणून ऐकतात," बाई म्हणाल्या. "२०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांवर एक अभ्यास झाला. व्हिडिओ ६९ लाख वेळा बघितले गेले, त्या सगळ्या नोंदी तपासल्या. लांबी कितीही असो, बघणं साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हतं. माझा विषय संख्याशास्त्र आहे, सर. आकड्यांपुढे मी हट्ट करत नाही."

दोन आठवडे गेले. सरांच्या व्याख्यानावर एकही शंका आली नाही. सगळ्यांना समजलंय, असं सरांना वाटलं. बाईंकडे मात्र शंकांचा पाऊस पडत होता.

एका संध्याकाळी बाईंनी आपला फोन सरांच्या हातात दिला. "तुमचं व्याख्यान लावा आणि फाटकापाशी उभं राहून बघा. दहाच मिनिटं."

सर फाटकापाशी गेले. चक्र फिरत राहिलं. चित्र आलं तेव्हा फळ्यावरचे दोन वक्र केसाएवढे दिसत होते, अक्षरं मुंग्यांसारखी. आवाज विहिरीतून आल्यासारखा. चौथ्या मिनिटाला त्यांनी फोन खाली घेतला.

"यात मलाच काही कळत नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तो कॅमेरा आता अडगळीत टाकायचा का?"

"अडगळीत कशाला? रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत न्या. टायट्रेशनमध्ये शेवटच्या थेंबाला जो फिक्कट गुलाबी रंग येतो, तो मागच्या रांगेतल्या मुलांनी आजवर कधी पाहिलाय? कॅमेरा शंकूपात्राच्या जवळ लावा. तिथे दिसणं हेच शिकणं आहे. तुमच्या विषयात वक्र का सरकतो हे ऐकू आलं पाहिजे."

कॅमेरा प्रयोगशाळेत गेला. सरांनी बाईंकडून दोन गोधड्या मागून नेल्या आणि मागणीचा वक्र कागदावर हातानं काढत पहिला सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. दुसऱ्या दिवशी बांधावरून पहिली शंका आली : "सर, किंमत वाढली तर अख्खा वक्र सरकतो, की आपण त्याच वक्रावर वर जातो?" शिक्षकाला आनंद व्हावा अशीच ती शंका होती.

पुढच्या वर्षी खरेदीच्या अर्जात सरांनी स्वतः एक रकाना वाढवला, किमतीच्याही आधी : 'हे कोण बघणार, कशावर आणि कुठे बसून?'

तात्पर्य : साधन महाग की स्वस्त, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न बघणाऱ्याला विचारायचा असतो, आणि त्यासाठी एक फोन पुरतो.