मुक्याच्या खात्यावर आपली सही

श्रीदत्तांच्या पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. दत्तजयंतीला त्यांनाही हात जोडतो. पण घरच्या कुत्र्याची नखं काढायला बसलं की निराळाच प्रश्न पडतो. ते पाय ओढतं, गुरगुरतं, दात दाखवतं. त्याला हे नकोय, हे उघड आहे. मग त्याला धरून ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पूर्वी दिंद्रुडसारख्या गावात हा प्रश्न फारसा नव्हता. कुत्रं माळावर, बांधावर हिंडायचं, नखं आपोआप झिजायची. आता ते फरशीवर, साखळीला राहतं. नखं वाढतात, पंजा वाकडा पडतो. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख तर जमिनीला टेकतच नाही. ते वळून मांसात रुतू शकतं. म्हणजे साखळी आपण बांधली अन् दुखणं त्याच्या पदरात. तेव्हा "नको म्हणतंय तर राहू द्या" याला मी दया म्हणणार नाही.

पण "त्याच्याच भल्यासाठी" हे शब्दही निसरडे आहेत बघा. चौघांनी दाबून धरायचं, तोंड आवळायचं, अन् साधारण अठरा नखं एका दमात उरकायची. यात भलं त्याचं किती अन् घाई आपली किती? नखाच्या आत रक्ताची नस असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. ती कापली गेली की रक्त येतं, मग कुत्रं सहजासहजी पंजा हातात देत नाही. जाणती माणसं आधी नुसता पंजा धरायची सवय लावतात, खाऊ देतात, टोक तेवढंच काढतात. आज एक नख, उद्या एक. फारच चावरं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडं नेतात.

बँकेत अज्ञान मुलांची खाती हाताखालून जायची. सही पालकाची, पैसा मुलाचा. मूल 18 वर्षांचं झालं की पालकाची सही बंद. कुत्र्याच्या खात्यात तो दिवस येतच नाही. आपण जन्मभर सही करतो, अन् हिशेब विचारायला कुणी येत नाही. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं सांभाळणाऱ्यावर कर्तव्य टाकलंय, की जनावराला अनावश्यक वेदना होऊ देऊ नये. "अनावश्यक" किती, हे मात्र दार लावलेल्या घरात आपणच ठरवतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे 24 गुरू आहेत. कबुतर, अजगर, हरिण, मासा, कोळी. त्यांत कुत्रं नाही, याचं मला नवल वाटतं. अवधूत त्यांच्याकडं पाहूनच शिकला, कुणाला बांधलं नाही. संसारी माणसाला मात्र हात लावल्याशिवाय सुटका नाही.

आपल्या वयाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवेल. घरातलं विसराळू झालेलं म्हातारं माणूसही नखं काढू देत नाही, हात झटकतं. मधुमेह असेल तर पायाची लहानशी जखमही महागात पडते, म्हणून काढावी तर लागतातच. पण ते माणूस एकेकाळी स्वतःच्या खात्यावर स्वतः सही करायचं. त्याला विचारता येतं, "आज नको तर उद्या काढू का?" कुत्र्याला असं विचारता येत नाही. त्यानं पंजा ओढला की मी कात्री खाली ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते पंजा जरा उशिरा ओढतं.