पांढरा प्लग

काळ्या रंगावर माणसाचा फार जुना राग आहे. तोंड काळे करणे, काळे कृत्य, कुळाला काळिमा लावणे. आपल्या भाषेने काळ्याला दोषाच्या खात्यात केव्हाच जमा करून टाकले आहे. उलट एखाद्याला ‘धुतल्या तांदळासारखा’ म्हटले, की त्याच्याविषयीची पुढची चौकशीच बंद होते. या वाटणीत काही गफलत असावी, असा संशय मला अलीकडे येऊ लागला आहे. तो आणला एका मोटारसायकलच्या बोटभर लांबीच्या प्लगने.

इंजिनात पेट्रोल नुसते जळत नाही, ते हवेत मिसळून जळते. हिशेब मोठा काटेकोर आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतेपणी जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण करण्याचे काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर करतो. त्यातल्या जेटला केसासारखे बारीक भोक असते आणि त्या भोकाच्या मापाने पेट्रोल इंजिनाला मिळते. मिश्रण बिघडले की काय होते, हे आपल्या गृहिणींना मिस्त्र्याइतकेच ठाऊक आहे. शेगडीच्या बर्नरला हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे पडते. निरांजनाच्या ज्योतीवर पालथी वाटी धरून आपल्या आज्या काजळ धरीत, ते याच न जळलेल्या कार्बनचे. इंजिनातले पातेल्याचे बूड म्हणजे प्लग. ठिणगी पाडणारे त्याचे टोक थेट आगीत बसलेले असते, म्हणून आत काय चालले आहे याची साक्ष तेच देते. त्यावर कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडते आहे. काळेपणा ओला, तेलकट असेल तर दुखणे निराळे. ऑईल वर चढते आहे. आणि टोकाचा चिनीमातीसारखा भाग खडूसारखा पांढराफटक झाला असेल, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वयस्क मिस्त्रींचे दुकान आहे. शाळेतून परतताना मी तिथे घटकाभर टेकतो. एकदा त्यांनी दोन जुने प्लग, एक काळाकुट्ट आणि एक पांढरा, माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, “मास्तर, यातली कुठली गाडी जास्त आजारी?”

कोणीही काळ्याकडेच बोट दाखवील. मिस्त्री हसले आणि म्हणाले, “काळ्या प्लगवाल्याची मला काळजी नसते. गाडी धूर सोडते, पेट्रोल पिते, चढावर गुदमरते. मालक वैतागून स्वतः इथे येतो. पांढऱ्या प्लगवाला येत नाही. त्याची गाडी टेम्पोत घालून आणावी लागते.”

कारण असे, की पेट्रोल थोडे कमी मिळणारी गाडी काही दिवस फार गुणी वाटते. धूर नाही, वास नाही. मालक चारचौघांत सांगतो, ‘आमची गाडी काही खातच नाही!’ पण इंजिनात शिरणारे पेट्रोल जळते तसे थंडावाही देते. त्याचा फवारा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो. ते कमी पडले की तो थंडावा गेला. शिवाय पातळ मिश्रण सावकाश जळते, त्यामुळे आच आत रेंगाळते. प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांच्या वर तापले की काजळी आपोआप जळून जाते, म्हणून ते स्वच्छ दिसते. पण ८५० अंशांच्या पुढे गेले की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचे भय असते. भरल्या गाडीने लांबचा घाट चढताना एखाद्या दिवशी पिस्टन वितळतो. तोवर बाहेरून सारे निष्कलंक असते. ती स्वच्छताच दुखण्याची खूण असते.

हे ऐकल्यापासून मला आमच्या लहानपणच्या वाड्यातल्या एक काकू आठवत राहतात. घरात बारा माणसे. सगळ्यांची पाने उठल्यावर त्या जेवायच्या, उरले असेल ते. त्यांनी कधी कशाचा हट्ट धरला नाही, कधी आवाज चढवला नाही. वाड्यातल्या सासवा आपापल्या सुनांना त्यांचा दाखला देत. त्यांच्याच थोरल्या जाऊबाई मात्र तोंडाच्या फटकळ. लागले तर मागून घेत, बरे नसले तर निजून राहत. त्यांना सगळे नावे ठेवीत. एका वर्षी ऐन पाडव्याच्या दिवशी काकू चुलीपाशीच कोसळल्या. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, “अंगात रक्तच नाही. हे आजचे नाही, कैक वर्षांचे आहे.” त्या वाचल्या, पण पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आणि वाडा काय म्हणाला? “पण त्या कधी बोलल्या नाहीत हो!” जणू हिशेब देण्याचे कामही त्यांचेच होते.

इथे कोणी म्हणेल, मग त्यागाला काही मोलच नाही का? माझा प्रश्न त्यागाविषयी नाही. त्याग कोणत्या गोष्टीला म्हणावे, याविषयी आहे. ज्याच्या हाती घेणे होते, त्याच्याच न घेण्याला त्याग म्हणता येते. इंजिनाने पेट्रोल सोडलेले नसते. जेटचे भोक कोणीतरी बारीक ठेवलेले असते, किंवा त्यात कचरा अडकलेला असतो. जे मिळालेच नाही ते सोडल्याचे श्रेय एखाद्याला देणे हा गौरव दिसतो, पण खरोखर ती आपलीच सोय असते. गुण म्हणून नाव दिले, की दुरुस्तीचा खर्च वाचतो.

आणि हे माप कायमचे नसते. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या घटकांतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कोणी पान्याला हात न लावताही मिश्रण थोडे पातळ होते. जेट तेच, काळ बदलला. घरातही असेच घडते. विशीत पुरणारी झोप आणि विसावा पन्नाशीत पुरत नाही. पण वाटा ठरलेला असतो आणि ‘इतकी वर्षे चाललेच की’ हे उत्तर तयार असते.

तरीही एका इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पांढरे दिसले की आजार, असा नवा नियम करून आपण मोकळे झालो, तर जुनी चूक नव्या रंगात केल्यासारखे होईल. २००० सालापासून आपल्या देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून चांगल्या गाडीचा प्लगही पूर्वीसारखा तपकिरी होत नाही, फिकाच राहतो. माणसांतही काहींची भूक खरोखरच थोडी असते. मौनात त्यांना सुख असते. त्यांची कीव करणे हा त्यांचा अपमान आहे. शिवाय प्लग कधी पाहावा, यालाही शास्त्र आहे. दारात उभी राहून फुरफुरणाऱ्या गाडीचा प्लग खोटे बोलतो. गाडी ओझ्यावर पळवायची, त्याच क्षणी इंजिन बंद करायचे आणि मग प्लग काढायचा. मुलगी पाहायला गेलेली मंडळी पोह्यांच्या बशीवरून स्वभाव वाचतात, तो असाच उभ्या गाडीचा प्लग!

मग ओळखावे कसे? मिस्त्रींची एक साधी युक्ती आहे. चालत्या गाडीचा चोक जरासा ओढायचा, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त मिळते. गाडी आणखी गुदमरली तर तिला आधीच जास्त मिळत होते. ती सावरली, तिचा आवाज भरला, तर समजावे की ती उपाशी होती. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजणारे एक यंत्र क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करते. या तऱ्हेचे यंत्र मोटारीत १९७६ सालीच आले होते. घरात मात्र असे यंत्र बसवलेले नाही. तिथे अजून चोकच हाताने ओढावा लागतो.

‘तुला काही हवे का?’ हे विचारणे म्हणजे चोक ओढणे नव्हे. त्याला ‘काही नको’ हे उत्तर ठरलेले आहे. विचारायचे नाही, द्यायचे. या चार दिवसांत एका सकाळी अभ्यंगस्नानाचे पाणी घरातल्या त्या माणसाला पहिल्यांदा द्यावे; फराळाचे पहिले ताट त्याच्यापुढे ठेवावे आणि ते संपेपर्यंत इतरांनी काही मागू नये. एका दिवसाने कळेल असे नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तसेच करावे. त्या माणसाने खरेच संकोचून, कंटाळून ते नाकारले, तर आपला संशय खोटा ठरला म्हणून आनंद मानावा. पण तिसऱ्या दिवशी त्याच्या हालचालीत थोडा वेग आला, बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतःहून एखादी थट्टा केली, किंवा चक्क कुणावर तरी आवाज चढवला, तर त्या आवाजाला नावे ठेवू नयेत. जेट किती वर्षे बारीक होता, याचा हिशेब त्या दिवशी घरातल्या इतरांनी बसून करावा.