रचलेले आणि खोटे

‘घाटाचे डिस्नेलँड करून टाकले’ हे वाक्य आपल्याकडच्या लेखांत हल्ली फार स्वस्त झाले आहे. नदीकाठी दिवे लागले, जुन्या पेठेतल्या भिंती एकाच रंगात रंगल्या की हा शब्द येतो आणि युक्तिवाद तिथेच संपतो. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: डिस्नेलँड हे खोटेपणाचे दुसरे नाव आहे आणि तिथे रमणारा प्रौढ माणूस अपक्व आहे. समाजमाध्यमांवर अशा माणसांना ‘डिस्ने अडल्ट’ म्हणून हिणवले जाते. कॅलिफोर्नियात मुलांकडे राहायला गेलेले आपले आईवडीलही विचारतात, नातवंडे बरोबर नसताना तिथे जाऊन आम्ही काय बघायचे? त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या त्या डिस्नेलँड उद्यानात मी सकाळी दार उघडल्यापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत होतो. सोबत एकही मूल नव्हते. अशा वेळी ‘आपल्या आतले मूल जागे होते’ अशी वकिली केली जाते. ती मला मुळीच मान्य नाही, कारण मूल जागे झाले असते तर मी जे पाहिले ते मला दिसलेच नसते. हा सगळा बाजार आहे, असेही म्हणतात. आहेच, एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरच्या पुढे जाते. पण त्यातून किंमत समजते, वस्तू समजत नाही.

ज्याला खरोखर उत्तर द्यायला हवे तो आक्षेप ज्याँ बोद्रिया या फ्रेंच विचारवंताचा आहे. 1981 च्या पुस्तकात त्याने मांडले की डिस्नेलँड ‘काल्पनिक’ म्हणून वेगळे काढून ठेवले आहे ते बाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून. प्रत्यक्षात बाहेरही सगळे डिस्नेलँडच आहे. वाक्य चमकदार आहे आणि चार दशके ते उसने घेऊन अनेकांचे लेख उभे राहिले. मला त्यात तीन दोष दिसतात. एक, तिथला प्रेक्षक भ्रमात आहे हे बोद्रिया धरून चालतो, दाखवत नाही. दुसरा, त्याच्या मांडणीला खोडून काढता येईल अशी जागाच नाही: प्रेक्षक म्हणाला की मला हे रचलेले आहे हे माहीत आहे, तर तेही त्या सापळ्याचाच भाग ठरते. जो दावा कुठल्याही उत्तराने हलत नाही त्याला मी खोल म्हणणार नाही. तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळेच आभास म्हटले की सत्ताधाऱ्याने सांगितलेले असत्य आणि काचेतले भूत एकाच पंगतीत बसतात. मग असत्याला असत्य म्हणायचे कोणत्या आधाराने?

ते काचेतले भूत जरा जवळून पाहू. 1969 पासून चालू असलेल्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ या उद्यानातल्या भुतांच्या वाड्यात आपण आधी एका अष्टकोनी खोलीत शिरतो. दार बंद होते, भिंती ताणल्या जाऊ लागतात, चित्रे लांब होतात. ही खोली म्हणजे लिफ्ट आहे. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध आहे, बाहेरचे शहर आतून दिसू नये म्हणून. त्यावरून छोटी आगगाडी फिरते. भुतांचा मोठा भाग बांधाच्या पलीकडच्या इमारतीत आहे आणि रुळांखालून तिकडे जायचे तर माणसांना खाली उतरवणे भाग होते. एका अडचणीतून एवढा सुंदर प्रवेश घडवला गेला! पुढे नृत्यदालन येते. आपण सज्जातून पाहतो आणि खाली पारदर्शक जोडपी गिरक्या घेत असतात. आपल्यासमोर एक प्रचंड काच असते. बाहुल्या आपल्या नजरेआड, अंधाऱ्या जागेत फिरतात आणि काचेत त्यांचे प्रतिबिंब पडते. लंडनच्या रंगमंचावर 1862 मध्ये जॉन पेपरने गाजवलेली ही युक्ती. नीट पाहिले तर त्या जोडप्यांत बाई पुरुषाला नाचवताना दिसते, कारण प्रतिबिंबात डावे-उजवे उलटते. हे ध्यानात आल्यावर मला ते दालन आधीपेक्षा जास्त आवडले. रांगेत मला जे भेटले त्यांतल्या कित्येकांना हे ठाऊक होते आणि तेवढ्यासाठी ते पुन्हा आले होते.

माझी कसोटी इथे आहे. उलगडा झाल्यावर जे कोसळते ते खोटे. उलगडा झाल्यावरही जे उभे राहते, किंबहुना अधिक ठाम उभे राहते, ते रचलेले. मराठी प्रेक्षकाला हे नवे नाही. ‘एकच प्याला’ नाटकातली सिंधू म्हणजे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही माहीत होते. तरी लोक रडले, आणि बायकांनी बालगंधर्वांसारखी लुगडी नेसली. त्या प्रेक्षकांना भ्रमिष्ट म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही. मग ॲनाहाइमच्या प्रेक्षकाला तेवढे शहाणपण का नाकारायचे?

हीच कसोटी मी उद्यानालाही लावतो, आणि तिथे ते सगळे उत्तीर्ण होत नाही. प्रवेशद्वारापासून किल्ल्याकडे जाणारी ‘मेन स्ट्रीट’ विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन गावाची आहे. वॉल्ट डिस्नेच्या लहानपणीच्या, मिसुरीतल्या मार्सेलीनची तिच्यावर छाया आहे. तिथल्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेत, त्यामुळे त्या उंच वाटतात. हे कळूनही रस्ता सुंदरच राहतो. पण त्या काळातल्या अशा गावांत काळ्या माणसाला काय सोसावे लागे, हे आठवले की त्याच रस्त्याचा गोडवा तुटतो. तिथे जे वगळले आहे ते वगळल्याचे तो रस्ता सांगत नाही. एकाच भिंतीचे माप रचलेले आहे आणि आठवण खोटी आहे. बोद्रियाला हा फरक करता येत नाही, आणि तो करता न येणे हे माझ्या मते विचाराचे अपयश आहे.

हा फरक प्रेक्षकांना मात्र करता येतो: उद्यानात गेल्या काही वर्षांत काय बदलले ते पाहा. 1955 पासूनच्या ‘जंगल क्रूझ’ या नौकासफरीतली आदिवासींची हिणकस चित्रणे 2021 मध्ये बदलली. ‘स्प्लॅश माउंटन’ ही राइड 1946 च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर बेतलेली होती. गुलामीनंतरच्या दक्षिणेचे गुलाबी चित्र रंगवल्याबद्दल तो चित्रपट फार जुना वादविषय आहे. 2023 मध्ये ती राइड बंद झाली आणि 2024 मध्ये ‘टियाना’ या डिस्नेच्याच नायिकेच्या नावाने नव्या रूपात उघडली. काहींना ते रुचले नाही, पण बदलाची मागणी करणाऱ्यांत उद्यानावर जीव असलेली मोठी माणसेही होती. पाण्यात कोसळणाऱ्या त्या ओंडक्याच्या आकाराच्या होडीवर त्यांचा राग नव्हता. नव्या राइडमध्येही ती उडी तशीच आहे. त्यांचा आक्षेप तिच्याभोवती गुंफलेल्या गोष्टीवर होता. नृत्यदालनातल्या काचेबद्दल मात्र अशी मागणी कुणी केलेली नाही. काय काढायचे आणि काय ठेवायचे हे त्यांना कळत होते, आणि ते वर्षानुवर्षे तिथे दिवसच्या दिवस घालवल्यामुळे कळत होते.