मॉडेलनं सांगितलं म्हणून

आजचं वाचन : उत्पत्ती ३:९-१५, २०
८ डिसेंबर, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण

आजच्या वाचनात देव बागेत आदामाला हाक मारतो. तो कुठे लपलाय हे देवाला ठाऊक नाही, असं थोडंच आहे? तरी तो विचारतो. मग आदाम जे उत्तर देतो ते नीट वाचा. त्यात एक शब्दही खोटा नाही. फळ स्त्रीनं दिलं, हे खरं. ती स्त्री देवानंच दिली होती, हेही खरं. आमच्या धंद्याच्या भाषेत, लॉग बरोबर आहे. तरीही तो त्या उत्तरामागे लपलाय, मघाशी झाडांमागे लपला होता तसाच. हव्वा पुढे सर्पाकडे बोट दाखवते. आणि इथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही : देव सर्पाला काहीच विचारत नाही. आदामाला प्रश्न, हव्वेला प्रश्न, सर्पाला थेट शिक्षा. उत्तर द्यायची संधी फक्त माणसांना मिळते.

(एआय म्हणजे तो सर्प, असं मी म्हणत नाहीये. तसले व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड भरपूर फिरतायत. माझं पोट त्याच एआयवर चालतं.)

आपल्या मराठीत आदामाची मोठी सोय आहे. घरात कप पडला की मूल म्हणतं, "कप फुटला." "मी फोडला" असं कोण म्हणतं? मोठेपणी आपण म्हणतो, "अर्ज रिजेक्ट झाला." या 'फुटला' आणि 'झाला'मध्ये जो माणूस गळतो, त्याच्या जागी आता 'मॉडेल' येऊन बसलंय. मॉडेलनं रिजेक्ट केलं. वाक्याला कर्ता मिळाला, पण त्याला जाब विचारता येत नाही.

नेदरलँड्समध्ये लोकांनी याची किंमत मोजली. मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी तिथलं सरकार पालकांना भत्ता देतं. त्यात फसवणूक कोण करत असेल याचा अंदाज बांधायला कर खात्यानं अल्गोरिदम वापरला, आणि अर्जदार डच नागरिक नसणं हीसुद्धा त्यात जोखमीची खूण धरली गेली. हजारो कुटुंबांवर ठपका आला. कित्येकांकडे हजारो युरो परत मागितले गेले, संसार मोडले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. दोष एकट्या अल्गोरिदमचा नव्हताच. नियमही इतके कडक होते की किरकोळ चुकीसाठी पूर्ण भत्ता परत मागितला जायचा. पण "मी नेमकं काय केलं?" असं एखाद्या आईनं विचारलं, तर उत्तर देणारं माणूस तिला सापडत नव्हतं. मला तरी यातलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं.

व्हॅटिकननं २८ जानेवारी २०२५ ला, संत थॉमस अक्वायनस यांच्या स्मरणदिनी, 'अँटिक्वा एत नोव्हा' हा दस्तऐवज काढला. पोप फ्रान्सिस यांनी त्याला मंजुरी दिली होती. एआय वापरू नका, असं त्यात कुठेही नाही. उलट बुद्धी हे देवाचं देणं आहे, असाच त्याचा सूर आहे. मात्र नैतिक जबाबदारी फक्त माणूसच घेऊ शकतो, आणि ती बनवणाऱ्यापासून वापरणाऱ्यापर्यंत सगळ्यांवर राहते, हे त्यात स्पष्ट आहे. पोप लिओ यांनी तर आपलं नावच १८९१ साली कामगारांसाठी 'रेरुम नोव्हारुम' लिहिणाऱ्या तेराव्या लिओंवरून घेतलं, आणि त्याचं कारण देताना एआयचा उल्लेख केला.

आता आपल्यापैकी बरेच जण विचारतात ते : कन्फेशनची तयारी चॅटजीपीटीबरोबर केली तर चालेल का? दहा आज्ञांवर स्वतःला विचारायच्या प्रश्नांची यादी मागा, खुशाल मागा. पण उत्तरं तिथे टाइप करू नका. फादरांना ऐकलेलं कुणालाही सांगता येत नाही. चॅट कुठल्या सर्व्हरवर साठतं ते तुम्हाला माहीतही नसतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेनं 'फादर जस्टिन' नावाचा एआय आणला, गळ्यात धर्मगुरूची कॉलर वगैरे. आपण खरेच फादर आहोत असं तो सांगू लागला, पापक्षमाही देऊ लागला. काही दिवसांतच त्याची कॉलर काढून त्याला नुसता 'जस्टिन' करावं लागलं. हसू येतं खरं. पण त्याचं ज्ञान वाढवून हा प्रश्न सुटला नसता. कन्फेशन ऐकणारे फादर स्वतः दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकतात. जस्टिनकडे सांगायला पापच नाही. मिस्सेच्या सुरुवातीला छातीवर हात मारत आपण जी कबुली देतो, तीही आठवा. तिच्यात मरियेचं नाव येतं, संतांचं येतं, शेजारी उभ्या भावाबहिणींचा उल्लेख येतो, पण दोष द्यायला नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा, असं सांगायला. आदामाच्या उत्तराच्या बरोबर उलट.

मी जिथे काम करतो तिथे कर्जाचे अर्ज तपासणारं सॉफ्टवेअर बनतं. नकाराच्या पत्राखाली छापलेलं असतं : हे पत्र संगणकाने तयार केले आहे, सहीची आवश्यकता नाही. गेले दोन महिने मी म्हणतोय की नकार जाण्याआधी एका माणसानं तो अर्ज वाचावा, आणि पत्रावर त्याचं नाव नि फोन नंबर असावा. आमचे मॅनेजर म्हणाले, "अरे, तो माणूस तरी काय करणार? मॉडेलनं सांगितलंय म्हणून ओके दाबणार." आक्षेप खोटा नाही, आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. ज्याचं नाव खाली छापलं जाणार आहे तो निदान अर्जदाराचं नाव तरी वाचेल, इतकंच मी म्हणू शकलो. सध्या एका शाखेपुरतं करून बघायचं ठरलंय. पहिल्या महिन्यात पत्रावर नाव कुणाचं, असा विषय निघाला तेव्हा मीटिंगमध्ये सगळे गप्प झाले. मी माझं दिलं. बायको म्हणते, फोन नंबर तरी ऑफिसचा दे.