हरवलेले कोण, हे मोजल्याशिवाय कळत नाही



नाताळचा गोठा आवरून झाला, दारावरचा तारा उतरवला, आणि जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही आपल्या धर्मग्रामातील काही जण जेऊरहून ढोकरी-वांगीच्या बाजूला उजनीच्या पाण्याकाठी गेलो. काम एकच होते, पाणपक्षी मोजायचे. सोबत दोन दुर्बिणी, एक वही आणि घरून आणलेला चहा होता. थंडी चांगलीच बोचत होती.

काठावर एक वयस्कर मच्छीमार बाबा जाळे झटकत बसले होते. त्यांनी विचारले, “काय मोजताय?” आम्ही म्हणालो, “पाखरं.” बाबा हसले. थोडे थांबून म्हणाले, “पाखरं मोजून कुणाचं भलं हुतंय? आमचं गाव ह्या पाण्यात गेलं तवा माणसं मोजाय कोण आलं न्हाई.”

आम्ही गप्प झालो. उत्तर द्यायला तोंड नव्हते. परत येताना गाडीतही कोणी फारसे बोलले नाही. तो प्रश्न मनात राहिला, म्हणून आज तो आपल्यापुढे ठेवत आहोत. मोजणे म्हणजे नेमके काय? देवाच्या निर्मितीतील एखादी गोष्ट मोजून आपण तिच्यावर प्रेम करतो, की फक्त आपल्या वहीत भर घालतो?

आधी आम्ही तेथे काय पाहिले ते सांगतो. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पावसाळ्यात ते भरते, आणि हिवाळ्यात पाणी हळूहळू मागे सरू लागले की काठाशी उथळ पाणी आणि चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, शिंपल्या, बारीक मासे, पाणवनस्पती असे भरपूर खाद्य असते. त्यासाठीच दूरदूरचे पक्षी येथे येतात. तिबेट, लडाख, मंगोलियाकडचे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. चक्रवाकाची जोडी काठावर उभी असते. थापट्या बदक आपली पसरट चोच पाण्यातून फिरवत असते. रोहित पक्षी, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, पाणी आणखी उतरले की जास्त दिसतात. कुरव हे खरे तर समुद्रकाठचे म्हणून ओळखले जाणारे पक्षी, पण सह्याद्रीच्या अलीकडे, आपल्या जेऊरजवळही ते हिवाळा काढतात. आणि काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पक्षी असतो, त्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. भीमेच्या पाण्यावर वारकरी असावेत, हे नाव ठेवणाऱ्याला चांगलेच सुचले!

अशी मोजणी आपण एकटेच करत नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आपल्या देशात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्यात पुढाकार घेते, पण प्रत्यक्ष मोजणारे बहुतेक जण हौसेने आलेले असतात. पद्धत साधी आहे. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात ठेवायचे, आणि त्या मापाने उरलेला थवा मोजत जायचे. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि मग आकडे ताडून पाहायचे. जे दिसले तेच लिहायचे. एखादा पक्षी दिसलाच नाही, तर तेही लिहायचे.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्या दिवशी पट्टकादंबांचा आकडा गेल्या वेळेपेक्षा कमी भरत होता. आमच्यातील एकाच्या तोंडून निघून गेले, “पलीकडच्या वळणाला असतीलच की, धरून लिहू.” आणि खरे सांगायचे तर आम्हा सर्वांनाच ते पटले होते. आकडा मोठा असावा असे आम्हाला का वाटले? पक्ष्यांच्या काळजीने नव्हे. आपल्या काठाचे नाव व्हावे, आपली वही भरलेली दिसावी, म्हणून. शेवटी पाहिले तेवढेच लिहिले, पण तो मोह आम्हाला झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

पवित्र शास्त्रात हा मोह एका राजालाही झाला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात दाविद राजा आपल्या राज्यातील लढाऊ पुरुषांची शिरगणती करवतो. सेनापती यवाब त्याला परोपरीने सांगतो की हे करू नये. राजा ऐकत नाही. नऊ महिने वीस दिवस माणसे देशभर फिरतात आणि आकडा आणून देतात. आकडा हातात पडतो तेव्हाच दाविदाचे मन त्याला खाऊ लागते. येथे कोणी विचारील, मोजण्यात पाप ते कसले? परमेश्वराने तर स्वतः मोशेला लोकांची गणती करायला सांगितले होते. शास्त्रातील एका पुस्तकाचे नावच ‘गणना’ आहे. मग फरक कुठे पडला? आमच्या अल्पमतीला असे वाटते की दाविदाला आपली माणसे कशी आहेत हे जाणून घ्यायचे नव्हते. आपण किती मोठे आहोत, हे त्याला जाणून घ्यायचे होते.

नुकत्याच झालेल्या नाताळात आपण आणखी एका शिरगणतीची गोष्ट ऐकली. रोमच्या कैसराने ती फर्मावली, म्हणून योसेफ आणि गरोदर मरिया बेथलेहेमला गेले. त्या शिरगणतीत एका गरीब सुताराचे कुटुंब म्हणजे नोंदवहीतली केवळ एक ओळ होती. त्यांना रात्री जागा मिळाली का, हे पाहणे त्या मोजणाऱ्यांचे काम नव्हते.

प्रभू येशूने दाखवलेली मोजणी अगदी वेगळी आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात (१५:४) शंभर मेंढरांचा एक धनी आहे, आणि एक मेंढरू हरवल्यावर तो रानात निघतो. आपण हा दाखला लहानपणापासून ऐकत आलो, पण एक साधी गोष्ट आमच्या कधी ध्यानात आली नव्हती. एक हरवले आहे हे त्याला कळले कसे? तो रोज मोजत होता म्हणून. ज्याने संध्याकाळी मेंढरे मोजलीच नाहीत, त्याला वाडा भरलेलाच दिसणार. नव्व्याण्णव मेंढरे डोळ्यांना शंभरासारखीच दिसतात. आपल्या जेऊरच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल.

त्याच शुभवर्तमानात (१२:६) चिमण्यांचा बाजारभाव आला आहे. संत मत्तय (१०:२९) सांगतो त्या भावाने एका नाण्याला दोन चिमण्या मिळत. लूकच्या भावाने दोन नाण्यांना पाच. म्हणजे चारांच्या किमतीत पाचवी चिमणी वर टाकलेली, फुकटची! व्यापाऱ्याच्या हिशोबात तिला किंमतच नाही. पण ती पाचवीसुद्धा देवाच्या ध्यानाबाहेर नाही, असे प्रभू सांगतो.

या दोन मोजण्या एकदा नाताळच्याच दिवशी समोरासमोर आल्या. अमेरिकेत त्या काळी नाताळात गट पाडून शिकारीला जायची चाल होती. ज्या गटाचा मेलेल्या पशुपक्ष्यांचा ढीग मोठा, तो गट जिंकला. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षिअभ्यासकाने सुचवले की या दिवशी पक्षी मारून मोजण्यापेक्षा जिवंत पक्षी मोजावेत. त्या २५ डिसेंबरला २७ माणसे बाहेर पडली. ती मोजणी आजही दरवर्षी होते आणि तिच्यात हजारो लोक भाग घेतात. दिवस तोच होता, पक्षीही तेच होते आणि मोजणेही होतेच. मोजणाऱ्याचे मन मात्र बदलले होते.

अशा मोजणीने होते काय, हे आपल्या देशातील गिधाडांनी दाखवले आहे. पूर्वी गावाबाहेर ढोर टाकले की गिधाडांचा घोळका उतरत असे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. १९९० नंतरच्या वर्षांत ती झपाट्याने नाहीशी झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक भरतपूरला गिधाडांची नोंद ठेवत होते, म्हणून हे ध्यानात आले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटली. कारण २००४ साली सिद्ध झाले. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. कोणी मोजलेच नसते, तर गिधाडे कुठे तरी निघून गेली असतील, एवढेच म्हणून आपण गप्प बसलो असतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. अलीकडच्या वर्षांत तेथील गणनेत कधी एखादाच माळढोक दिसला, कधी एकही नाही. वहीत शून्य लिहिताना हात जड होतो. पण ते शून्य खोटे न करता लिहिणे हीसुद्धा त्या पक्ष्याची शेवटची राखण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या पत्रात असा आशय मांडला आहे की आपल्यामुळे नाहीशी झालेली प्रत्येक जीवजात यापुढे आपल्या असण्याने देवाचा गौरव करू शकणार नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्या पाण्यावर आम्ही पक्षी पाहायला जातो, त्याच्या तळाशी लोकांची घरे, विहिरी, देवळे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की पलीकडे पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते आणि बुडालेली गावे आठवतात. माणसे न मोजता पाखरे मोजणारा हात परमेश्वराला कसा आवडेल?

आणि हे केवळ जुने झालेले नाही. पक्षी येतात त्याच थंडीत आपल्या शिवारात आणखी काही पाहुणे येतात. ऊसतोडणीची माणसे बीडकडून आणि इतर भागांतून येतात. शेताच्या कडेला कोपी घालून राहतात, पहाटे तीनला फडात उतरतात, आणि गळीत हंगाम संपला की निघून जातात. त्यांची मोजणी होत नाही असे नाही. मुकादमाच्या वहीत ती होते. नवरा-बायको मिळून एक कोयता! दोन जीव, दोन नावे, आणि हिशोबात एक हत्यार. त्यांच्या लेकरांचा तर त्या आकड्यात पत्ताच नसतो. सैबेरिया-तिबेटच्या पाखरांची नावे आम्ही पाठ केली, पण आमच्याच रस्त्यावरच्या कोपीतल्या एका मुलाचेही नाव आम्हाला सांगता आले नसते. त्या सकाळी आम्ही अशा चार-पाच कोपींवरून गाडी नेली होती. थांबलो नव्हतो.

म्हणून पक्षी मोजणे सोडावे का? आम्हाला तसे वाटत नाही. निघताना बाबाच म्हणाले होते की पूर्वी जाळ्यात वांब, मरळ, शिंगटा यायचा, आता बघावे तर चिलापीच. म्हणजे बाबा आयुष्यभर मोजतच आले आहेत. काय कमी झाले, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पुणे-पिंपरीकडचे सांडपाणी ज्या पाण्यात मिसळते, त्यातच त्यांचे मासे, तेच पक्ष्यांचे पाणी आणि तेच पुढे माणसांच्याही घशात जाते. पक्षी मोजणारा आणि मासा मोजणारा एकाच पाण्याची राखण करतात. एकाला मोजायला शिकलेल्या डोळ्याने दुसऱ्याला चुकवू नये, एवढेच.

या रविवारी मिस्सा संपल्यावर आपण आपल्या बाकाकडे एकदा नीट पाहू या. एरवी तेथे बसणारी एखादी आजी तीन रविवार दिसली नाही काय? एखादे कुटुंब गाव सोडून गेले काय? देऊळ भरलेले दिसते, म्हणून कोणी हरवलेले नाही असे समजू नये. आणि घरी जाताना वाटेत कोपी दिसली, तर थांबून आत किती जण आहेत आणि त्यांची नावे काय, हे विचारावे. आम्ही आता ते करायला सुरुवात केली आहे. पक्ष्यांच्या त्याच वहीत, मागच्या पानावर, पहिली सहा नावे लिहिली आहेत. त्यांतील दोघांना शाळेत बसवता येईल का, याची चौकशी चालू आहे.

पाचव्या चिमणीलाही न विसरणारा परमेश्वर आपल्याला खरे मोजण्याचे धैर्य देवो, आणि एक जरी कमी भरला तरी त्याला शोधायला निघण्याची बुद्धी देवो. आमेन.