दरोडा आणि बंड

दरोडेखोराची गोष्ट सभ्य घरांत जितक्या आवडीने ऐकली जाते, तितकी साधूची क्वचितच ऐकली जाते. निजण्यापूर्वी कुलूप दोनदा ओढून पाहणारा गृहस्थच दुसऱ्याच्या तिजोरीवरील धाडीची हकीकत मोठ्या कौतुकाने वाचतो. याचे कारण केवळ मनोरंजन नव्हे. कायद्याचे राज्य आपणांस हवे असते; परंतु त्या राज्याच्या कोणा अंमलदाराने आपणांसही कधीतरी ताटकळत ठेवलेले असते. त्याची कोणी फजिती केली की आपले उट्टे परस्पर निघाल्याचा आनंद होतो. हा आनंद निर्दोष आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

आयर्लंडमधील डब्लिन शहरात मार्टिन काहिल नावाचा एक टोळीनायक होऊन गेला. लोक त्यास ‘जनरल’ म्हणत. १९८३ साली त्याच्या टोळीने एका जवाहिऱ्याच्या कारखान्यातून सुमारे वीस लाख पौंडांचा ऐवज लांबविला. १९८६ साली रसबरो हाउस या वाड्यातील अमोल चित्रे पळविली. तोंड झाकून पोलिसांपुढे तो असे विदूषकी चाळे करी की अर्धे शहर हसत असे. १९९४ साली भर रस्त्यात गोळ्या घालून त्याचा खून झाला आणि पुढे त्याच्या आयुष्यावर चित्रपटही निघाला. हसणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट मात्र राहिली नाही. तो जवाहिऱ्याचा कारखाना पुढे बंद पडला व तेथील कामगारांची रोजी गेली. हशा शहराचा झाला. त्याचे मोल त्या कामगारांच्या चुलींनी दिले.

काहिलविषयी निर्णय देणे सोपे आहे. परक्या मुलखातील पापाचा न्याय करताना आपले काही जात नाही. आपल्या खानदेशाकडे वळले की हात जड होतो.

शिरपूरच्या उत्तरेस, मुंबई–आग्रा रस्त्यावर, सेंधव्याचा घाट आहे. या घाटाच्या रखवालीचे काम इंग्रजांच्या चाकरीत खाज्या नाईक या भिल्ल पुढाऱ्याकडे होते. त्याच्या ताब्यातील एक संशयित मरण पावला, त्याबद्दल त्यास शिक्षा झाली. सुटल्यावर त्यास पुन्हा कामावर घेण्यात आले. १८५७ चा वणवा पेटताच हाच रखवालदार बंडात उतरला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच घाटातून पहाऱ्यात चाललेला सुमारे सात लाखांचा खजिना त्याच्या लोकांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली. पकडलेल्या कित्येकांस उभ्या उभ्या चौकशी करून गोळ्या घालण्यात आल्या. शेकडो भिल्ल स्त्रिया कैद झाल्या. १८६० साली खुद्द खाज्या नाईक दगाफटक्याने मारला गेला.

यास दरोडेखोर म्हणावे की वीर? सरकारी दप्तराने पहिला शब्द लिहिला. आज आपण दुसरा लिहितो. परंतु दप्तराच्या शब्दावर विसंबण्यापूर्वी ते दप्तर कोणाचे, हे पाहिले पाहिजे. १८१८ नंतर इंग्रजांनी ज्या भिल्लांस लुटारू ठरविले, त्यांतूनच १८२५ साली औट्रमसाहेबाने भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे. कालचा चोर गणवेश चढविताच आज शिपाई झाला. याचा अर्थ इतकाच की चोरी त्याच्या रक्तात नव्हती. डोंगर, वाट आणि जमीन यांवरील त्याचा हक्क कोणी न मानल्यामुळे त्याच्या हातात ती आली होती.

तथापि वीर हा शब्द लिहितानाही आम्ही थोडे थांबू इच्छितो. त्या कोठडीत मेलेल्या माणसाचे काय? नायकास निष्कलंक करण्यासाठी त्याचा मृत्यू पुसून टाकणे म्हणजे एका गरिबाचा दुसऱ्यांदा जीव घेणे होय. पूजेसाठी माणसाचा देव करणे सोपे आहे. त्यास माणूस ठेवून त्याचा आदर करणे कठीण आहे, आणि खाज्या नाईक या कठीण आदरास पात्र आहे.

याच पश्चिम खानदेशात, शिंदखेडे तालुक्यातील चिमठाण्याजवळ, १४ एप्रिल १९४४ रोजी आणखी एक सरकारी खजिना लुटला गेला. जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी प्रभृती साताऱ्याकडील तरुणांनी खानदेशातील कार्यकर्त्यांच्या साह्याने सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत केले. हा पैसा प्रतिसरकारच्या कामासाठी होता. त्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगावी उघड्यावर बसत; कार्यकर्ता त्या शिस्तीने बांधलेला असे. त्यांच्या शिक्षा कित्येकदा निष्ठुर असत, हेही खरे. परंतु ज्यांच्या नावाने ते लढत, त्यांच्याच चावडीवर त्यांस तोंड दाखवावे लागे.

आमच्या मते कसोटी येथे आहे. खजिना कोणाचा लुटला, यावरून काहीच ठरत नाही. काहिलही श्रीमंतांसच लुटीत होता. त्या धाडीचे मोल अखेर कोणी भरले, आणि धाड घालणारा स्वतःखेरीज कोणास जबाब देणे लागत होता, हे दोन प्रश्न विचारावेत. काहिलपाशी दोहोंचे उत्तर नाही. चिमठाण्याच्या तरुणांपाशी ते बरेचसे आहे. खाज्या नाईकाचे उत्तर अर्धे त्याच्या लोकांवरील अन्यायात आहे. उरलेले अर्धे अंबापाणीच्या त्या कैदी स्त्रियांनी द्यावयाचे होते, आणि त्यांस कोणी विचारलेच नाही.

मुलांस या गोष्टी अवश्य सांगाव्यात. मात्र सांगताना खजिन्याचा आकडा जितक्या रंगात येऊन सांगतो, तितक्याच आस्थेने त्या कोठडीतील माणसाची आणि त्या स्त्रियांची आठवणही सांगावी. गोष्टीची गोडी त्याने किंचित कमी होईल. ऐकणाऱ्याची न्यायबुद्धी मात्र जागी राहील.