सोवळ्यातला तांदूळ

नैवेद्याचा तांदूळ आपण किती निगुतीने घेतो! सुपात पाखडायचा, खडे वेचायचे, धुवणाचं पाणी निवळ येईस्तोवर तीन-तीनदा धुवायचा. अक्षतांना तर कणी चालतच नाही, दाणा अखंडच हवा. एवढ्या निवडीतूनही कॅडमियम सुटून जातं, कारण ते रोपाच्या मुळांवाटे दाण्यात उतरलेलं असतं. त्याला रंग नाही, वास नाही. असा तांदूळ सोवळ्यात शिजवला तर तो शुद्ध मानायचा का? मला तो शुद्ध मानता येत नाही. आणि एकदा हे कबूल केलं की शुद्धीची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत नाही, ती शेताच्या बांधापर्यंत आणि ओढ्यापर्यंत न्यावी लागते.

जपानच्या तोयामा प्रांतात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं, नदीचं पाणी भाताच्या खाचरांत गेलं आणि तोच भात पिढ्यानपिढ्या पानात पडला. हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडत. सर्वाधिक सोसलं ते अनेक बाळंतपणं झालेल्या, उतारवयातल्या बायकांनी. ‘दुखतंय, दुखतंय’ हेच त्या आजाराचं नाव पडलं. 1968 मध्ये सरकारने त्याचं कारण मान्य केलं. तिथेही घरच्या देव्हाऱ्यापुढे ताज्या भाताची वाटी ठेवायची रीत आहे. भक्तीत काही उणं नव्हतं, पाण्यात होतं. आर्सेनिकची तऱ्हा आणखी वेगळी. चिखलात पाणी तुंबून हवा कोंडली की मातीतल्या लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक मोकळं होतं आणि भाताचं मूळ ते सिलिकाच्या वाटेनेच आत घेतं. शेत कोरडं ठेवावं तर आर्सेनिक घटतं, पण कॅडमियम वाढू शकतं. भात भरपूर पाण्यात शिजवून वेळला तर आर्सेनिक बरंचसं पेजेबरोबर जातं, कॅडमियम मात्र तसं सहज हटत नाही. म्हणजे चुलीपाशी करण्यासारखं थोडंच उरतं.

छांदोग्य उपनिषद चित्ताच्या शुद्धीचा पाया आहाराच्या शुद्धीत पाहतं. शंकराचार्यांनी तिथे इंद्रियांनी घेतलेले सगळे विषय धरले. रामानुजांच्या परंपरेने खरोखरचं अन्न धरून त्याचे तीन दोष सांगितले: पदार्थाच्या जातीचा, तो ज्याच्याकडून येतो त्या आश्रयाचा आणि त्यात केस, किडा, घाण पडल्याचा. यातला आश्रयदोष समाजाने माणसांवर लादला. कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथे चहा घेतला. माणसाच्या हाताने पाणी कधीच बाटलं नव्हतं. ते बाटतं कारखान्याच्या आणि गटाराच्या नळाने, आणि त्याला विटाळ म्हणायला आपली जीभ अजून वळत नाही. तांदळाचा खरा आश्रय माती आणि पाणी. दोष शोधायचा तर तिथे शोधावा.

यावर कुणी म्हणेल, अन्नाची निंदा करू नये हे तर तैत्तिरीय उपनिषदातलं व्रत. ते मला शिरोधार्य आहे. पण त्याच उपनिषदात अन्न वाढवायचीही आज्ञा आहे, आणि खाचर नासवून ती पाळता येत नाही. देव भावाचा भुकेला, हेही खरं. पण प्रसाद पुढे लेकराच्या पोटात जातो आणि वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्यांपेक्षा जास्त खातं. मात्रा अल्प असते, या आक्षेपात सर्वांत जास्त तथ्य आहे. एका जेवणाने कुणी आजारी पडत नाही आणि भात सोडायचंही कारण नाही; ताटात ज्वारी-नाचणी असली की भार आपसूक कमी होतो. तरीही कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशकं साठून राहतं, त्यामुळे रोजच्या अल्पाचाच हिशेब धरावा लागतो.

कळंबा तलावाने कोल्हापूरची तहान पिढ्यानपिढ्या भागवली आहे. कात्यायनीच्या डोंगराकडचे ओढे त्यात उतरतात. अशा पाण्यात विसर्जन होणाऱ्या गणेशमूर्तींच्या रासायनिक रंगांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम असू शकतं, म्हणून शहरातली कितीतरी घरं आता काहिलीत किंवा इराणी खण नावाच्या जुन्या दगडखाणीत विसर्जन करतात. काहींना तो विधी अपुरा वाटतो. पण उत्तरपूजेत मूर्तीवर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित सरकवली, की विसर्जन झालं. मागे उरते माती आणि रंग. माती तळाशी बसते. रंग पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो, आणि खाली भाताची खाचरं असतात.